शक्तिमान उठवावा कसा?

लष्कराच्या लिलावात घेतलेला शक्तिमान ट्रक ज्यांच्या गोठ्यामागे किंवा बंद पडलेल्या खडी क्रशरच्या आवारात पंधरा-वीस वर्षं उभा आहे, अशा सद्गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्याकडे असा ट्रक नाही त्यांनीही वाचावी. घ्यायचा मोह झालाच, तर आवरायला बरी पडेल.

आधी ओळख. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला, पुढच्या-मागच्या चारही चाकांना जोर देणारा हा डिझेल ट्रक. १९५९ पासून तो तयार होऊ लागला, पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांत राबला आणि नव्वदच्या दशकात त्याची जागा स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्यांनी घेतली. घराणं मोठं आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये ज्या कारखान्यात आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तोच कारखाना पुढे एमएएन झाला. डिझेलचं माहेरच ते. तेव्हा ट्रकला लाथ मारून कामाला सुरुवात करू नये.

साहित्य: मिलिमीटरच्या पान्ह्यांचा पूर्ण संच, डिझेल, इंजिन ऑइल, चार बादल्या, भरपूर चिंध्या, एक वही आणि एक जाड, सपाट फळी. फळीचा उपयोग पुढे कळेल; तोवर ती बंबात जाणार नाही याची काळजी घ्या.

पायरी १: सेल्फ मारू नका.
ट्रकवरची ताडपत्री काढताक्षणी चार माणसं जमतात. त्यातला एक हमखास म्हणतो, “अहो, अर्धा सेल्फ मारून तर बघा!” या माणसाला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका. इतक्या वर्षांत इंजिनातलं तेल निथळून खाली चेंबरमध्ये बसलेलं असतं. वर बेअरिंगं कोरडी असतात, पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला धरलेल्या असतात. अशा इंजिनाला सेल्फचा एक हिसका पुरतो. रिंग तुटते किंवा लायनर ओरबाडला जातो. उभा राहून ट्रक मरत नाही, मरतो तो उठवणाऱ्याच्या घाईने. म्हणून बॅटऱ्या आणूच नका. बॅटऱ्या नाहीत म्हटल्यावर निम्मे सल्लागार आपोआप घरी जातात.

पायरी २: भाडेकरूंना नोटीस द्या.
एअर क्लीनरमध्ये उंदीर असतो, सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं बांधकाम केलेलं असतं आणि सीटखाली कोण असेल ते हात घालून बघू नये, काठी घालून बघावं. उंदराने वायरिंग खाल्लेलं असतं. कोणती वायर कुठून निघून कुठे जात होती, ते उपटण्याआधी वहीत काढून ठेवा. “लक्षात राहील” असं म्हणणाऱ्यांचे ट्रक अजून शेडमध्येच आहेत.

पायरी ३: तेलाला विचारा.
चेंबरचा बोल्ट एकदम काढू नका. अर्धा वळसा ढिला करा आणि खाली बसून वाट बघा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी असतं. पहिले थेंब काळे आणि चिकट पडले तर देव पावला. पहिले थेंब नितळ पाण्याचे पडले, तर ते पाणी सायलेन्सरमधून आलं, हेड गॅस्केटमधून आलं की हेडलाच तडा आहे, याचा शोध घ्यावा लागेल. या टप्प्यावर घरचे “काय झालं?” विचारतील. “चाललंय व्यवस्थित” एवढंच सांगा.

पायरी ४: इंजिन हाताने फिरवा.
नोझल काढा आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण थोडं थोडं आत सोडा. मग भोकांत चिंध्या कोंबा आणि ट्रकला विसरून जा. ही पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड, कारण हिच्यात काहीच करायचं नसतं. काही दिवसांनी पुढच्या पुलीच्या बोल्टला पान्हा लावून हलका जोर द्या. हललं तर मागे-पुढे, मागे-पुढे, थोडं थोडं वाढवत न्या. नाही हललं तर पुन्हा मिश्रण, पुन्हा वाट. पान्ह्याला सहा फुटी पाइप अडकवून त्यावर पुतण्याला उभं करण्याची कल्पना तुम्हाला सुचेल. सगळ्यांनाच सुचते. पुतण्याला शाळेत पाठवा.

पायरी ५: पाणी बाहेर, डिझेल आत, हवा बाहेर.
टाकीच्या तळाशी पाणी आणि त्यावर काळा बुळबुळीत गाळ असतो. टाकी उतरवून धुवा. पंप आणि नोझल पंपवाल्याकडे द्या. हे घरी उघडायचं काम नाही, त्यातले भाग केसाच्याही आत बसवलेले असतात. सगळं जोडून झालं, की हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा आणि हँडपंप मारत राहा. आधी नुसती हवा फुसफुसेल, मग फेस, मग मधूनमधून बुडबुडे. एकही बुडबुडा नसलेली सलग धार दिसली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. स्क्रू सुटून खाली पडला तर तो चेसिसच्या ज्या खोबणीत जातो, तिथे तुमचा हात जात नाही.

पायरी ६: चालण्याआधी थांबण्याची सोय करा.
उत्साही माणूस आधी इंजिन चालू करतो आणि मग ब्रेक आहेत का बघतो. या क्रमाने जाणाऱ्यांना समोरची भिंत थांबवते. व्हील सिलिंडर उघडा, रबरं बदला, नळ्या नव्या घाला. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे का तपासा.

आता एक गोष्ट, जिथे विनोद नाही. रिंगवाल्या चाकात हवा असताना नट सोडू नका. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. भरतानाही चाक पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने भरा आणि समोर उभे राहू नका. सुटलेली रिंग माणूस मारते.

पायरी ७: आता सेल्फ.
बॅटऱ्या आणा. लष्करी गाड्या बहुधा चोवीस व्होल्टच्या, म्हणजे बाराच्या दोन. स्टॉप खेचून धरा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत इंजिन नुसतं फिरवा. काटा उठला, की स्टॉप सोडा.

फळी आता हातात घ्या. पंपाचा रॅक अडकला, तर डिझेल इंजिन वेग वाढवत सुटतं आणि किल्ली, वायर, नवस कशालाही दाद देत नाही. तेव्हा हवा आत जाते त्या तोंडावर फळी दाबायची. हात नाही, फळी.

सगळं नीट झालं तर पांढरा धूर येईल, इंजिन एका सिलिंडरवर कण्हेल, मग दोन, मग सगळे. आळीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल आधीच माफी मागून ठेवलेली बरी.

पायरी ८: कागद.
तुमचा ट्रक साठ वर्षांचा असला तरी कायद्याने तो विंटेज नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी मोटारी बसतात, मालवाहू ट्रक नाही. शिवाय रंगाचे पाच थर खरवडून तुम्ही जो मूळ ऑलिव्ह ग्रीन शोधून काढला, तो मोटार वाहन नियमांनी संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखलेला आहे. तेव्हा दुसरा कुठला तरी रंग द्या. गावातला प्रत्येक जण “मिलिटरीचा हिरवाच द्यायचा होता” असं सांगेल. प्रत्येकाला नियम समजावत बसू नका, आयुष्य थोडं आहे.

मागच्या डिफरन्शियलवरचा पांढरा रंग मात्र राहू द्या. रात्री दिवे मालवून ताफा निघाला, की खालच्या बारीक दिव्याने तो पांढरा गोळा दिसायचा आणि मागचा चालक त्याच्यावर नजर ठेवून यायचा. तुम्ही खंबाटकी घाट चढत असाल, तेव्हा मागे शिरवळपर्यंत गाड्या लागलेल्या असतील. त्यांनाही बघायला काहीतरी हवंच.