जॅक लावा, फाईल उचला!

मुंबई महापालिकेचे काम उंचीवर पोचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी 26 फेब्रुवारी 2024 हा दिवस आठवावा. त्या दिवशी अंधेरीच्या नव्याने बांधलेल्या गोखले पुलाची एक बाजू वाजतगाजत खुली झाली. पश्चिमेला लागूनच बर्फीवाला उड्डाणपूल. पूर्वी दोघांची गळाभेट होती, आता मात्र नवा पूल वर आणि जुना पाच-सहा फूट खाली! गाडीवाल्याने उडी मारायची की शिडी मागवायची, तेवढे फलकावर लिहायचे राहून गेले.

पालिकेकडे कारण तयार होते. रेल्वेच्या निकषांमुळे रुळांवरचा भाग उंच करावा लागला. खरेच आहे ते. पण ही उंची काही ऐनवेळी ठरली नव्हती आणि बर्फीवाला पूलही रातोरात उगवला नव्हता. मग व्हीजेटीआय आणि आयआयटीतल्या तज्ज्ञांना पाचारण झाले. जॅक लावून बर्फीवाला एका बाजूला 1,397 मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला 650 मिलिमीटर उचलला. फुटांनी चुकायचे आणि मिलिमीटरमध्ये सुधारायचे! जुलै 2024 मध्ये दोन्ही पूल जुळले, तेव्हा त्याचेही कौतुक झाले.

यातला विनोद एका जागी थांबतो. जुलै 2018 मध्ये याच गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळून दोन जीव गेले होते. पूल वाहतुकीला बंद झाला तो नोव्हेंबर 2022 मध्ये आणि पूर्ण खुला झाला मे 2025 मध्ये. मधल्या काळात अंधेरीकर वळसे घालत राहिले. वळशांत जळलेल्या पेट्रोलचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

अंदाजपत्रक मात्र भरभक्कम. 2025-26 साठी 74,427 कोटी रुपये, म्हणजे गोवा सरकारच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून जास्त. त्यात पैसे किती खर्च झाले हे पै-पैशासह सापडते. पदरात काय पडले, हा रकाना कोरा. मिठी नदीच्या गाळाचेच बघा. 65 कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा मे 2025 मध्ये नोंदला गेला. गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट असल्याचा आरोप आहे. खरे-खोटे न्यायालय ठरवील. नदी पावसाळ्यात आपले मत देतेच.

पुलाचा आणि नदीचा जाब राहू द्या, साध्या दाखल्याच्या उशिराचा तरी जाब विचारता येतो. याच राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, हे किती जणांना ठाऊक? अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही, तर दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अट एवढीच की नागरिकाने अपील करायचे. पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, दुसरे त्याच्याही वरिष्ठाकडे, सेवा हक्क आयोग तिसऱ्या पायरीवर. साहेबाची तक्रार साहेबाच्या साहेबाकडे! अर्जदार बहुधा पहिल्याच पायरीवर बसकण मारतो, कारण त्याला दाखला हवा असतो, भांडण नको असते.

तरीही पुढच्या वेळी खिडकीवर अर्ज देताना तारीख आणि क्रमांक असलेली पोचपावती मागून घ्या. सेवा, शुल्क, मुदत आणि अपिली अधिकारी लिहिलेला फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. तो कपाटामागे असेल, तर कपाट सरकवायला सांगा.