कम्प्युटरवाले भाऊ

गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, २००१ नंतर एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम राज्यभर रुजला, आणि या दोन्ही घटनांच्या मागोमाग राइस मिलांच्या या मुलखात एक नवी मनुष्यजात उदयाला आली, जिची सरकारदरबारी नोंद नसली तरी लोक तिला ‘कम्प्युटरवाले भाऊ’ म्हणून ओळखतात. आमगाव असो वा तिरोडा, भाऊंच्या दुकानात झेरॉक्स निघते, पासपोर्ट फोटो निघतो, ऑनलाइन फॉर्म भरला जातो. परंतु त्यांची खरी प्रतिष्ठा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेल्या पेनड्राइव्हवर उभी असते, कारण अवघ्या तालुक्याला पुरतील एवढे ‘सेटअप’, म्हणजे आज्ञावली बसवून देणाऱ्या फाइली, त्यात साठवलेले असतात.

भाऊंच्या विद्वत्तेची परीक्षा टेक्स्ट एडिटर बसवताना होते. ज्यात अक्षरांना ठळक-तिरपे करण्याचा शृंगार नसून केवळ साधा मजकूर लिहिता येतो, अशा आज्ञावलीला टेक्स्ट एडिटर म्हणतात. विंडोजमध्ये नोटपॅड नावाचा असा एडिटर १९८५ पासून घरचाच आहे. तथापि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रंगीत ओळी दाखवणारा नोटपॅड प्लस प्लस हवा असतो, आणि तो निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळत असला तरी भाऊ पेनड्राइव्हमधली जुनी प्रतच काढतात. सेटअपवर दोनदा टिचकी मारली की ‘या आज्ञावलीला बदल करू द्यावा काय’ असे संगणक विचारतो, पण प्रश्न पुरता उमटण्यापूर्वीच भाऊंचे ‘येस’ झालेले असते. पुढे करारनामा येतो, आणि सातबाऱ्यावरचा प्रत्येक आकडा चष्मा पुसून वाचणारा गृहस्थही, मुलाच्या पाठीशी उभा राहून, तो न वाचता मान्य होताना समाधानाने पाहतो. मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. हिरवी पट्टी सरकत असते तोवर भाऊ काम करीत आहेत याबद्दल कोणालाही शंका नसते, आणि मेहनतान्याचा आधार ती पट्टीच होय.

विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्स या कार्यप्रणालीने नेमका या आधारालाच धक्का दिला. उबुंटूसारख्या लिनक्स-वितरणात सेटअप शोधत हिंडावे लागत नाही. वितरकाने तपासून ठेवलेल्या आज्ञावलींचे एक सामायिक भांडार असते, ज्याला रिपॉझिटरी म्हणतात, आणि टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ या शब्दांपुढे एडिटरचे नाव लिहिले की संगणक स्वतःच तो मागवतो, त्यावरची डिजिटल मोहोर पडताळतो आणि त्याला लागणाऱ्या इतर पूरक आज्ञावलीही सोबत आणतो. या व्यवस्थेत पेनड्राइव्हला काही काम उरत नाही. मात्र इंटरनेट गेले की ही सारी शिस्त खोळंबते आणि जुडगे पुन्हा खिशाबाहेर येते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ‘सुडो’ म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार तात्पुरते मागणे, त्यासाठी दिलेला पासवर्ड सुरक्षेपोटी पडद्यावर उमटत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक घाबरून म्हणते, “भाऊ, काही उमटूनच नाही रायलं, कीबोर्ड गेला का?” पुढे काळ्या खिडकीत न समजणाऱ्या ओळी भराभर धावू लागतात आणि गिऱ्हाईक गप्प होते. भाऊ चतुर असल्यामुळे त्यांनी एव्हाना ओळखलेले असते की हिरव्या पट्टीपेक्षा या ओळींचा भाव अधिक येतो.

तरीही लिनक्स त्यांना पुरता वश झालेला नाही. एकदा बसवलेला विम (ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एडिटर) उघडण्यास सोपा असला तरी त्यातून बाहेर पडण्यासाठी एस्केप दाबून अपूर्णविराम (:), क्यू आणि उद्गारचिन्ह टंकून एंटर दाबावे लागते, आणि हे ज्ञान हाती येईपर्यंत भाऊंनी मुख्य बटण बंद करूनच अनेकदा सुटका करून घेतलेली असते. दुसरी अडचण ओळींची. ओळ संपली हे लिनक्स एका अदृश्य चिन्हाने नोंदवतो तर विंडोज दोन चिन्हांनी, आणि २०१८ पूर्वीच्या नोटपॅडला ते एकटे चिन्ह ओळखता येत नसे. त्यामुळे लिनक्सवर नीट ओळीने लिहिलेला प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर उघडताच सारा मजकूर एका सलग ओळीत सांडलेला दिसे. विद्यार्थी काकुळतीला येऊन विचारी, “भाऊ, काहून असं झालं?” भाऊ चष्मा कपाळावर चढवून क्षणभर पडद्याकडे पाहत आणि निदान करीत, “व्हायरस हाय. फॉरमॅट मारा लागते. डेटा सीमध्ये हाय का डीमध्ये?”