नानांनी कापलेली आखाजी

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा कडुनिंबाच्या सावलीत या. पारा ४५ ला टेकलाय, उन्हात उभं राहून बोलायचे दिवस नाहीत हे. माझे कालचे बिबडे गेले. खाटभर! कावळ्याने नाही नेले, वावटळही नाही आली... नानांचा भुसा हो! भरदुपारी जिन्यात मशीन लावलं, गच्चीचं दार सताड उघडं टाकलं, आणि सगळा बारीक भुसा माझ्या ज्वारीच्या बिबड्यांवर. मी हाक मारली तर म्हणतात कसे, "वहिनी, झटकून घ्या." ओले बिबडे झटकून घ्या! माईंनी आत जीभ चावलेली मला दिसली. संध्याकाळी पातेलीभर आमरस घेऊन आल्या, म्हणून मी काही बोलले नाही. तुम्हालाच सांगतेय.

तर ते मशीन. तुम्ही पाहिलंय ना? मुलाने पुण्याहून पाठवलेलं. स्क्रोल सॉ. माणूस रिटायर झाला की देवळात जाऊन बसतो, नाहीतर सुनेच्या फोडणीत नाक खुपसतो. भुसावळला रेल्वेत जन्म काढलेल्या नानांना मात्र लाकूड कापायचे डोहाळे लागले. खोका फोडला त्या दिवशी चौकातले मिस्तरी मुद्दाम बघायला आले. कानावरची पेन्सिल काढली, परत खोवली आणि म्हणाले, "हे तर आपलं फ्रेटवर्क. आम्ही हातानंच करायचो. पातं उभं धरायचं, फिरवायचं ते लाकूड." झालं! एवढ्या कौतुकाचं मशीन आणि मिस्तरींनी दोन वाक्यांत निकालात काढलं. नानांचा चेहरा असा उतरला म्हणता... मग लागले सांगायला की इंग्लंडात या छंदाचं 'हॉबीज' नावाचं साप्ताहिकच १८९५ पासून निघायचं, वीज नव्हती तेव्हा तिकडचे लोक शिलाई मशीनसारखं पायाने चालवून नक्षी कापायचे. हे ऐकल्याबरोबर माईंनी उठून आपल्या शिलाई मशीनवर चादर टाकली. मी बाई हसू दाबून धरलं.

सुरुवातीला बरंच चाललं होतं. कैऱ्या आणि आंब्याच्या पानांचं तोरण केलं. दारावर लावलंय ते, रंग जरा भडक आहे, पण माईंसमोर बोलू नका. मग टरबुजाच्या फोडी, पेल्याखाली ठेवायला. मग हा एवढा सूर्य कापला, किरणं वगैरे काढून, दिवाणखान्यात लावायला. माई म्हणाल्या, "बाहेर एक आहे तो पुरत नाही का?" सूर्य सध्या माळ्यावर आहे.

आणि नातवंडं सुट्टीला आली, तेव्हा पझल. नाना म्हणाले, हे पझल निघालंच मुळी नकाशातून. १७६० च्या सुमारास जॉन स्पिल्सबरी म्हणून लंडनमध्ये कोणी होता, त्याने लाकडावर नकाशा चिकटवला आणि देशादेशांच्या सीमेवरून कापला, मुलांना भूगोल यावा म्हणून. मग यांनी जळगाव जिल्हा कापला. १५ तालुके, १५ तुकडे. तापीच्या वर चोपडा, यावल, रावेर, खाली बाकीचे. सुंदर झालं होतं हो, खोटं कशाला बोलू. मुक्ताईनगरला हिरवा रंग, रावेरला केळीचा घड काढलेला.

नेमक्या त्या दिवशी धुळ्याच्या विहीणबाई आलेल्या. थोरल्या सुनेची आई. कौतुकाने बघितलं आणि म्हणाल्या, "आणि आमचं धुळं?" नानांना तेवढंच हवं होतं. तासाभरात धुळे जिल्हा तयार. आता तुम्हीच सांगा, तालुके किती? धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. चार! नातवाने टक टक टक टक लावले आणि विचारलं, "संपलं पण?" विहीणबाईंच्या हातातली बशी तिथेच थांबली. पण त्या काय कच्च्या आहेत? म्हणाल्या, "१९९८ च्या जुलैपर्यंत नंदुरबार आमचंच होतं. तेही जोडा." म्हणजे आणखी सहा तुकडे. नाना बसले बिचारे परत. धडगाव, अक्कलकुव्याची ती वाकडीतिकडी हद्द, आणि नर्मदेच्या काठाशी पातं तुटलं. ते पातं किती बारीक असतं बघितलंत? ताण जरा जास्त झाला की तटकन जातं. नाना घाम पुसत म्हणाले, "इंग्रजांनी १९०६ ला खानदेशाचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे केले, त्यांना सोपं गेलं."

पण ते राहू दे. खरं सांगायचं ते पुढे आहे. चार दिवसांनी जळगावचा एक तुकडा हरवला. पंधरातला कोणता? चोपडा! आता नानांच्या धाकट्या लेकीचं सासर कुठलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, मान्य. पण ही पाडव्यालाच आलेली, मोठी बॅग घेऊन. आणि नेमका चोपडाच घरातून गायब. माईंनी सोफा हलवला, फ्रीजखाली कुंचा घातला. सापडला कुठे माहितीये? धाकटीच्या पर्समध्ये. नातवाने टाकला असेल म्हणे. असेल. मी आपलं काही म्हटलं नाही.

काय सांगत होते मी? हां, पंजाब मेल. नानांनी रेल्वे सोडली तरी रेल्वेने नानांना कुठे सोडलंय? गाडी कापायला घेतली, अकरा डबे. प्रत्येक खिडकीला आधी ड्रिलने बारीक भोक, मग पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत ताणून बसवायचं, चौकोन कापायचा, परत सोडवायचं. एकेका खिडकीला एवढी मिनतवारी! माझा तर संयमच सुटला बघताना. धाकटी शेजारी बसून खिडक्या पॉलिश पेपरने घासत होती. आणि नानांना काय सुचावं? केकी मूस यांची गोष्ट! चाळीसगावचे हो, एवढे मोठे फोटोग्राफर, चित्रकार, टेबलावरच साध्यासुध्या वस्तू मांडून खऱ्यासारखे देखावे टिपायचे ते. जन्म १९१२ चा, आणि पंजाब मेलही त्याच साली सुरू झाली, हा नानांचा आवडता योगायोग. तर म्हणतात ना, त्यांच्या प्रेयसीने पंजाब मेलने येईन म्हणून शब्द दिला होता, आणि हे रोज गाडीच्या वेळेला दिवे लावून, दार उघडून वाट बघायचे. वर्षानुवर्षं. घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. १९८९ ला गेले तोवर.

नाना रंगून सांगत होते. मी माईंकडे बघतेय, माई पदराचं टोक चावतायत, डोळ्यांनी खुणावतायत की पुरे, पुरे... यांना कुठलं दिसायला! गोष्ट संपली तर धाकटी खिडकीवर फुंकर मारून म्हणाली, "नाना, एवढं दार उघडं ठेवण्यापेक्षा स्वतःच गाडीत बसायचं ना." आता हे ती मूससाहेबांबद्दल बोलली की आणखी कुणाबद्दल, देव जाणे. नानांनी मशीन बंद केलं आणि पाणी प्यायला आत गेले. पाण्याचा माठ बाहेर होता.

बरं, आता गौराईचं ऐका. ते ऐकण्यासारखंच आहे.

आपल्याकडे प्रत्येक घरची गौराई लाकडाची, चैत्रात बसवायची, आखाजीपर्यंत लेक म्हणून लाड करायचे. माईंच्या घरची पिढीजात होती. पण वाटण्या झाल्या तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, आणि गौराई थोरल्या जाऊबाईंनी उचलली. तेव्हापासून माईंच्या मनात ती सल आहे. बोलत नाहीत, पण दरवर्षी गौराई बसवायची वेळ आली की हात थांबतो. बायकोच्या मनातलं नानांना कळायला मशीन यावं लागलं, पण कळलं हे खरं. म्हणाले, "यंदा मी करतो."

पहिली केली एमडीएफची. सपाट. पुढून गौराई, मागून पाटी. रंग छान, नथ छान. माईंनी भाबडेपणाने रोज आंघोळ घातली. एमडीएफला पाणी लागलं की काय होतं तुम्हाला माहीत नाही? फुगतं ते! तिसऱ्या दिवशी गौराईचे पाय सुजले. हळदीकुंकवाला कोपऱ्यावरच्या काकू आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, दिवस गेलेत वाटतं गौराईला!" सगळ्या हसल्या. मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. वहिनी, असं हसू गळून पडलेलं मी जन्मात पाहिलं नाही. काकूंनी पन्ह्याचा पेला उचलला तो रिकामाच होता, तरी प्यायल्या. धाकटी मात्र शांत. म्हणाली, "नाही काकू, उभं राहून राहून सुजलेत."

मग मिस्तरींनी मनावर घेतलं. जुन्या वाड्याच्या चौकटीचा सागाचा तुकडा आणून दिला, वर्षानुवर्षं मुरलेला, वजनाला दणदणीत. आणि नानांनी काय केलं, मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. ठोकळ्याच्या एका बाजूला गौराई समोरून काढली, शेजारच्या बाजूला तीच कुशीवरून. आधी एक बाजू कापायची, पण निघालेल्या कापट्या फेकायच्या नाहीत. परत होत्या तशा बसवून चिकटपट्टीने बांधायच्या. मग ठोकळा वळवायचा आणि दुसरी बाजू कापायची. पट्टी सोडली की आजूबाजूचं सगळं गळून पडतं आणि आतून अख्खी गौराई बाहेर येते! खांदे, कंबर, सगळं गोल. माईंनी तर हात जोडले. साग जाड, त्यात म्हणे मातीची कच असते, पाती बोथट होतात भराभर. नानांनी किती मोडली ते माईंना सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

फक्त नाक. मशीनला नाक काढता येत नाही हो. तिथे मिस्तरींनीच पटाशी हातात घेतली, चार टवके उडवले आणि झालं. तेव्हा नानांकडे ज्या नजरेने बघितलं ना त्यांनी! फ्रेटवर्कचा पूर्ण हिशेब चुकता.

आणि थोरल्या जाऊबाई बघायला आल्याच. बातमी पोचते बरोबर. हातात घेतली, उलटसुलट केली, आणि म्हणाल्या, "छान आहे. पण नाक काही आपल्या गौराईसारखं नाही." माई ताटातलं कुंकू सारखं करत म्हणाल्या, "नाही. हिचं सरळ आहे." बस. जाऊबाई सांजोरी अर्धी ठेवून उठल्या. माईंना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगू, मला फार बरं वाटलं.

परवा संध्याकाळी निंबाला झोका बांधला, तुम्ही मामेबहिणीकडे गेला होतात ना, चुकलं तुमचं. बायका जमल्या, गौराईची गाणी झाली. आसोद्याच्या बहिणाबाईंनी आखाजीचं गाणं रचलं, त्यातही झोका आहेच, त्याशिवाय आखाजी कसली! तर ऐन रंगात आल्यावर कुणाची तरी नात, एवढीशी, ती विचारते, "गौराई आली, पण तिला न्यायला शंकर कुठाय?" गाणंच थांबलं. झोक्यावर कोण होतं? धाकटी. दोर करकर वाजत होता तेवढाच आवाज. माई म्हणाल्या, "येईल, आखाजीला येतोच." काकू म्हणाल्या, "हो हो, येतोच." विहीणबाई म्हणाल्या, "धुळ्याकडे तर आदल्या दिवशीच येतो." कुणी विचारलं होतं त्यांना?

रात्री अकराला मशीन सुरू. मी खिडकीतून बघितलं, म्हणजे उकडत होतं म्हणून खिडकीशी उभी होते. जिन्यात दिवा, नाना एकटेच, ठोकळा फिरवतायत. म्हटलं, चला, शंकर होतोय. सकाळी दूध घ्यायच्या निमित्ताने गेले. ओट्यावर गौराईशेजारी नंदी! नुसता नंदी. पाठीवर झूल, गळ्यात घंटा, शिंगं अजून खरखरीत. मी विचारलं, "नाना, आणि शंकर?" तर म्हणाले, "त्याचं मी कसं ठरवणार?"

आणि धाकटी तिथेच पॉलिश पेपर घेऊन बसलेली, नंदीची शिंगं घासत. मला म्हणाली, "काकू, याच्या पायाला चाकं लावता येतील का हो? मग कुणी न्यायला यायची वाट बघायला नको."

आता याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा. मिस्तरी दुपारी चाकं घेऊन आलेले मी पाहिलेत, एवढं सांगते. आणि हे कुणाला बोलू नका बरं, मीही अजून कुणालाच सांगितलेलं नाही. काकू सोडून.