छत्रीमागून कॅप्री

नेपल्सच्या बेव्हेरेल्लो धक्क्यावरून सकाळी कॅप्रीला निघणाऱ्या बोटीत दोन जातींची माणसं असतात. एका जातीच्या छातीवर गोल स्टिकर असतो आणि दुसरीच्या चेहऱ्यावर तो नसल्याचा अभिमान. स्टिकरवाले म्हणजे गाईडसकट एका दिवसाची सहल घेतलेले. सकाळी जायचं, मिटवलेल्या छत्रीमागे दिवसभर चालायचं, संध्याकाळी परत. बिनस्टिकरवाले ‘आम्ही आमचे आम्ही फिरतो’ या पंथातले. बोट तीच, समुद्र लागायचा तर दोघांनाही सारखाच लागतो. तरी त्या पाऊण-एक तासात बिनस्टिकरवाला स्टिकरवाल्याकडे ज्या नजरेनं बघतो, ती आपल्याकडे आरक्षित डब्यात शिरलेल्या वेटिंग लिस्टवाल्याच्या वाट्याला येते. खरा प्रवासी स्वतःची वाट स्वतः शोधतो आणि छत्रीमागे जातात ती मेंढरं, हा समज इतका रुजलाय की खुद्द स्टिकरवालेही फोटो काढताना स्टिकर हळूच काढून खिशात टाकतात. माझं म्हणणं असं, की तो त्यांनी अभिमानानं मिरवावा. इतर बेटांचं काय असेल ते असो, कॅप्री हे कुणीतरी हाताला धरून दाखवण्याचंच बेट आहे, आणि तिथली सगळी परंपरा स्टिकरवाल्यांच्या बाजूनं उभी आहे.

सुरुवात पुराणातल्या वांग्यांपासून करू. बेटाच्या दक्षिण बाजूला मरीना पिक्कोलाच्या किनाऱ्यावर एक खडक आहे. गाऊन खलाशांचा घात करणाऱ्या सायरन तिथेच बसायच्या, असं कॅप्रीकर सांगतात. (आसपासची आणखी काही बेटंही हाच मान सांगतात. सीतेची न्हाणी आपल्याकडे एकाच गावात कुठे आहे?) होमरचा ओडिसियस त्यांच्या जवळून गेला तो कसा? निघण्यापूर्वी त्यानं जाणकार बाईकडून रस्त्याची सगळी माहिती घेतली, तिच्या सांगण्यावरून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, गाणं ऐकलं आणि कुठेही न उतरता पुढे गेला. याला आजच्या पत्रकात ‘बोटीतूनच दर्शन’ म्हणतात. खलाशांच्या कानात तेव्हा मेण होतं, आज प्रवाशांच्या कानात गाईडचा इयरफोन असतो. बाकी व्यवस्थेत तीन हजार वर्षांत फार फरक पडलेला नाही.

पुराण नको, इतिहास सांगा, असं कुणी म्हणेल. तर इतिहासात या बेटावर वाटाड्याशिवाय चढून गेलेला एक माणूस नोंदलेला आहे. रोमचा सम्राट टायबेरियस इ. स. २७ पासून ३७ साली मरेपर्यंत कॅप्रीला राहिला. साम्राज्य टपालावर चालवलं म्हणायला हरकत नाही. पूर्वेच्या कड्यावर त्याच्या व्हिला जोव्हिसचे अवशेष आहेत. तो आल्यावर थोड्याच दिवसांनी एका कोळ्याला भला थोरला मासा गावला. सम्राटाला नजराणा द्यावा म्हणून हा भला माणूस बेटाच्या मागच्या अंगानं, जिथे वाट नाही अशा खडकांवरून चढून एकदम त्याच्यासमोर उभा राहिला. हा आला कुठून, म्हणून सम्राट घाबरला, आणि तोच मासा त्यानं कोळ्याच्या तोंडावर घासायला लावला. त्या हालातही कोळी म्हणाला, देवाची कृपा, मी पकडलेली शेवंड याला दिली नाही! मग शेवंडही आणवण्यात आली. रोमन चरित्रकार स्युटोनियसनं ही हकीकत सम्राटाच्या क्रौर्याचा दाखला म्हणून दिली आहे. स्युटोनियस सम्राटांबद्दलच्या कंड्या चवीनं लिहायचा, हे मान्य. पण पर्यटनाच्या अंगानं पाहिलं तर तिचा अर्थ सरळ आहे: अनोळखी ठिकाणी आडवाटेनं जाऊ नये आणि आपल्याजवळ आणखी काय आहे ते सांगू नये. टायबेरियसच्या आधीचा ऑगस्टस तर अस्सल टूरवाला होता. तो बेटावर उतरला तेव्हा एका वठलेल्या ओकच्या झुकलेल्या फांद्या म्हणे पुन्हा तरारल्या. त्यावर तो इतका खूश झाला, की नेपल्सकरांना चौपट मोठं इस्किया बेट देऊन त्यानं बदल्यात कॅप्री घेतलं. उतरल्या उतरल्या भाव न करता खरेदी, ही सवय चाळीस जणांच्या घोळक्यानं बेटावर आणली असं म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार आठवावा.

पण माझा खरा पुरावा १८२६ सालचा आहे. त्या साली ऑगस्ट कोपिश हा जर्मन कवी आणि चित्रकार, आपल्या एर्न्स्ट फ्रीस या चित्रकार मित्रासह बेटावर आला आणि त्यानं निळी गुहा ‘शोधून काढली’, असं पुस्तकं सांगतात. शोध कसा लागला ते पाहा. कोपिश उतरला होता पगानो नावाच्या नोटरीच्या घरगुती खानावळीत. बेटाच्या वायव्येला एक गुहा आहे, लोक तिला भितात, आत भुतंखेतं आहेत म्हणतात, ही बातमी त्याला या यजमानाकडूनच कळली. नाव वल्हवायला आंजेलो फेरारो हा इथलाच कोळी होता. यजमान स्वतः बरोबर निघाला. पेटवलेलं डांबर एका टबात घालून पुढे ढकलत मंडळी पोहत आत गेली. म्हणजे माहिती स्थानिक, बोट स्थानिक, नावाडी स्थानिक, मुक्कामाची सोय यजमानाची, आणि कोपिशच्या वाट्याला काय? तर पोहणं आणि ‘अहाहा’ म्हणणं. याला दुसऱ्या कुठल्याही गावात सहल म्हणतात. इथे त्याला शोध म्हणतात, कारण सहलीला आलेल्या माणसानं परत जाऊन १८३८ साली त्यावर लिहिलं. यजमानाचा हिशोब मात्र पहिल्यापासून चोख असणार. पुढची कितीतरी वर्षं जर्मन चित्रकार त्याच खानावळीत उतरत राहिले. गुहेला गावात ग्राडोला हे नाव होतंच. रोमन लोक तर आत जाऊन देवांचे पुतळे मांडून बसले होते. १९६४ साली तळातून समुद्रदेव नेपच्यून आणि त्याचे ट्रायटन वर काढले, ते आज बेटावरच्याच अनाकॅप्री गावातल्या लाल वाड्यात ठेवले आहेत. तेव्हा कॅप्रीची सगळ्यात नावाजलेली जागा जगाला माहीत झाली ती मुळातच गाईड, नावाडी आणि लॉजमालक यांच्या संगनमतानं. एकट्या भटक्याच्या वाटेला ती कधी गेलीच नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की अहो, त्या गुहेत मिळतात किती मिनिटं? पाच. आणि त्यासाठी भर समुद्रात तास-दीड तास मोटरबोटीत डुलत बसायचं. आक्षेप बिनचूक आहे. गुहेचं तोंड पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच. मोटरबोट आत जाणं शक्यच नाही, म्हणून तोंडाशी छोट्या वल्ह्याच्या होड्यांची गर्दी. चार-चार जण एका होडीत उतरवतात आणि मग नावाडी हुकूम सोडतो: झोपा. ज्यांच्याकडून आयुष्यात कधी ‘जरा सरका’ एवढंही ऐकलं नाही, त्या विहीणबाईंच्या मांडीवर डोकं टेकून व्याही होडीच्या तळाशी आडवे होतात. नावाडी मागे रेलतो, खडकात ठोकलेली साखळी धरतो, लाट खाली जायची वाट बघतो आणि एका हिसक्यात होडी आत ओढतो. डोळे उघडेपर्यंत खालून पेटल्यासारखं निळं पाणी. जादू काही नाही. तोंडाच्या खाली, पाण्यात बुडालेलं, याहून मोठं एक भोक आहे. ऊन तिथून पाण्यातून गाळून आत येतं, वाटेत तांबडा रंग पाणी गिळतं आणि निळा तेवढा उरतो. वल्हं पाण्यात घातलं की त्याला चांदीचा वर्ख चढतो. नावाडी एक गाणं म्हणतो, एक फेरी मारतो, ‘टिप’ हा शब्द चार-पाच भाषांत उच्चारतो आणि पुन्हा झोपा.

आता पाच मिनिटं कमी, ही तक्रार निदान मराठी माणसाच्या तोंडी तरी शोभत नाही. आषाढीला पंढरपुरात तास न् तास रांगेत उभं राहून विठोबाच्या पायावर डोकं टेकलं न टेकलं तोच पुजारी माणसाला पुढे सरकवतो. बाहेर आलेला वारकरी ‘फार घाईत झालं, एकूण अनुभव सुधारायला हवा’ असं म्हणत नाही. दर्शन झालं म्हणतो. शिवाय तिथे सोयी लावून दिलेल्या आहेत. पदस्पर्श नाही जमला तर मुखदर्शन, तेही नाही तर नामदेव पायरी, आणि तेवढीही ताकद नसेल तर कळस. कॅप्रीचंही अगदी तसंच. समुद्र शांत असेल तर गुहेत शिरून पदस्पर्श. लाटा जरा चढल्या की गुहा बंद, मग बोटीनं बेटाला वळसा घालून तोंड बघायचं. तेही नको असेल तर अनाकॅप्रीहून खुर्चीच्या पाळण्यात बसून तेराएक मिनिटांत ५८९ मीटर उंचीच्या मोंते सोलारोवर जायचं आणि वरून सगळ्याचा कळस एकदम बघून घ्यायचा. मुक्कामाच्या मापानं मोजलं तर दिवसाची सहल अपुरी ठरेलच. लग्नाला गेलेल्या माणसानं संसार कुठे बघितला, असं विचारण्यापैकी ते आहे.

दुसरा आक्षेप वजनदार लोकांकडून येतो. घोळक्यात विचार होत नाही, म्हणतात. एकांतात राहिल्याशिवाय बेट कळत नाही, लिहून होत नाही. प्रवासवर्णनाच्या विनोदी शाखेची याहून मोठी बदनामी नसेल. मार्क ट्वेन १८६७ साली या गुहेत आडवा झाला तो ‘क्वेकर सिटी’ नावाच्या बोटीतून निघालेल्या सामुदायिक सहलीत, पैसे आगाऊ भरून, ठरलेल्या कार्यक्रमानुसार. त्या सहलीतून ‘इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक निघालं. सोबतीला घोळका नसता तर त्यानं थट्टा कुणाची केली असती? राहिले मुक्कामवाले. रशियन लेखक गॉर्की १९०६ पासून सात वर्षं राहिला. त्याच्याकडे लेनिन दोनदा पाहुणा आला, क्रांतीतल्या बोगदानोव्ह या सोबत्याशी बुद्धिबळ खेळला, आणि तरी बेटावरची त्याची जी आठवण राहिली ती अशी: कोळ्यांनी त्याला गळाची दोरी नुसत्या बोटाला गुंडाळून मासा कसा ओळखायचा ते शिकवलं, मासा लागला की दोरी ‘ड्रिन ड्रिन’ करते म्हणून सांगितलं, आणि लेनिन मासा ओढत ‘ड्रिन ड्रिन’ ओरडला. कोळ्यांनी त्याचं नावच सिन्योर ड्रिन-ड्रिन ठेवलं. साऱ्या जगाला पुढची दिशा दाखवू पाहणाऱ्यालाही इथे दाखवणारा लागलाच. आणि एकांताचा कैवारी स्वीडिश डॉक्टर अक्सेल मुंथे? त्यानं अनाकॅप्रीला कड्यावर सान मिकेलेचं घर बांधलं, १९२९ साली त्या शांततेवर पुस्तक लिहिलं, पुस्तक जगभर खपलं, आणि आज ती शांतता बघायला छत्र्या दाराशी येतात. गर्दी नको असेल तर पहिली गोष्ट म्हणजे लिहू नये.

खाण्यापिण्याचे आणि खरेदीचे आक्षेप मी मोजत नाही. १९०७ सालची फ्युनिक्युलर गाडी बंदरावरून थेट पियाझेत्ताच्या चौकाजवळ सोडते. तिथे खुर्चीवर बसून घेतलेल्या कॉफीचे पैसे कॉफीचे नसून खुर्चीचे असतात, हे कळायला गाईड उपयोगीच पडतो. आपल्याकडच्या टूरमधल्या मंडळींना तर तोही खर्च पडत नाही. मोझरेला, टोमॅटो आणि तुळशीच्या चुलत बहिणीचं पान यांचं कॅप्रेझे सॅलड बघून पर्समधून भाकरवडी निघते. कुठल्या संस्कृतीनं कुणाला समृद्ध केलं, हा प्रश्न तिथल्या कबुतरांनी केव्हाच सोडवलाय.

एक आक्षेप मात्र हसून उडवता येत नाही. बेट सुमारे १० चौरस किलोमीटरचं, कायमची वस्ती १३ हजारांच्या घरात, आणि ऐन उन्हाळ्यात दिवसाला १६ हजारांपर्यंत पाहुणे. पाणी मुख्य भूमीवरून नळानं येतं. जून २०२४ मध्ये त्या यंत्रणेत बिघाड झाला. २२ तारखेला महापौरांनी रहिवाशांना येऊ द्यायचं, पर्यटकांना उतरू द्यायचं नाही, असा हुकूम काढला. वाटेतल्या बोटी माघारी वळल्या. पाणी सुरू होताच हुकूम त्याच दिवशी मागे घेतला. घरात दूध संपलंय हे पाहुण्याला दारातच सांगण्याचं धैर्य आपल्यात नाही. ते त्या गावात आहे, याबद्दल मला आदरच वाटतो. पण या आक्षेपाचं टोक स्टिकरवाल्याकडेच का वळतं, ते कळत नाही. तो सकाळी आपली बाटली घेऊन येतो, उतरण्याचा कर भरतो आणि संध्याकाळी जातो. आंघोळ तो नेपल्सला करतो. टबबाथ, पोहण्याचा हौद आणि रोज बदलायच्या चादरी ही मुक्काम करणाऱ्या खऱ्या प्रवाशांची गरज. गर्दी कमी करायचीच तर आकडा ठरवावा, स्टिकरवाल्यांचाही ठरवावा, माझी हरकत नाही. फक्त तो ठरवताना कुणाच्या हातात छत्री आहे, एवढंच बघू नये.

शेवटी राहतो तो ठेवणीतला युक्तिवाद: खरं कॅप्री शेवटची बोट गेल्यावर सुरू होतं. असेल. शेवटच्या बोटीनंतर चौकात उरतात ते मुक्कामवाले, आणि ते एकमेकांकडे बघत बसतात. बोटीतल्यांना मात्र दिवसातली एक गोष्ट अजून दाखवायची असते. बोट वळसा घेत फाराल्योनीच्या सुळक्यांजवळून जाते. मधल्या सुळक्याच्या कमानीतून होडी नेताना जोडप्यांनी चुंबन घ्यायचं असतं, आणि तीस वर्षं संसार केलेली आपली माणसं त्या वेळी काका-काकूंच्या देखत मोबाइलमध्ये रेंज शोधतात. तेवढ्यात गाईड बाहेरच्या सुळक्याकडे छत्री करतो. त्या खडकावर निळ्या रंगाचा एक सरडा राहतो. मुख्य भूमीवरच्या त्याच्या भाऊबंदांना हा रंग नाही. चाळीस माना वळतात. खडक शंभर मीटर उंच, सरडा वीतभर, बोट हलतेय, ऊन डोळ्यावर. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘दिसला!’ म्हणतं. मग दुसरं म्हणतं. बोट पुढे जाईपर्यंत तो सगळ्यांना दिसलेला असतो.