पंख्याचे वेगळे

मला मुकाट्याने धूळ काढता येत नाही. आधी जाहीर करावं लागतं. ‘रविवारी कॉम्प्युटर उघडणार आहे’ हे मी शुक्रवारी रात्री जेवतानाच सांगून ठेवतो. शनिवारी आठवण करून देतो. रविवारी सकाळी चहा घेता घेता शेवटच्या सूचना देतो: बाल्कनीत कोणी यायचं नाही, तिथे कपडे वाळत घालायचे नाहीत, आणि माझा फोन वाजला तर ‘कामात आहे’ म्हणून सांगायचं. बायको विचारते, “किती वेळ लागेल रे?” मी म्हणतो, “उघडल्याशिवाय सांगता येत नाही.” हे वाक्य सर्जन वापरतात आणि गॅरेजवाले वापरतात. आपल्यालाही ते कुठेतरी वापरायला मिळावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

प्रत्यक्षात काम एवढंसं असतं. कॅबिनेटच्या एका बाजूचा पत्रा दोन स्क्रूंवर असतो. ते काढले, पत्रा मागे सरकवला, की आतलं सगळं समोर. ब्रश फिरवायचा, हवा मारायची, पत्रा लावायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा हे सगळं चहा येईपर्यंत उरकतो, तेही मोबाइलवर बोलत. पण बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, हे माझं तत्त्व. ज्या पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, त्या पुण्यातल्या माणसाने पंखा पुसायला दुसऱ्याला पैसे द्यायचे? ‘परम’ बनवण्यात माझा हात नव्हता, हे खरं. पण मी गावात होतो.

म्हणून मी बाल्कनीत जुना पेपर अंथरतो आणि त्यावर हत्यारं मांडतो. स्टारचा स्क्रूड्रायव्हर. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला, रंगात कधीही न बुडवलेला इंची ब्रश. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. हातात धरायचा ब्लोअर. थर्मल पेस्टची ट्यूब. टॉर्च. कोविडमधला उरलेला एन-९५ मास्क. आणि मुलीचा पोहण्याचा गॉगल. गॉगलची तशी गरज नसते. पण तो लावला की घरातलं कोणी हाक मारत नाही.

काम करताना मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माहिती देत राहतो. प्लग आधी भिंतीतून काढायचा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथे उतरते, रॅमवर उतरत नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालायचा नाही; त्याच्या नळीच्या तोंडाशीही तशीच वीज साठते. आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. हे शेवटचं कलम माझं विशेष लाडकं आहे, कारण ते सहसा कोणाला माहीत नसतं. पाती मोकळी सोडली तर ब्लोअरच्या झोतात पंखा त्याला झेपणाऱ्या वेगाच्या पलीकडे जातो, बेअरिंगची वाट लागते, आणि बाहेरून फिरवलेली ती मोटर स्वतःच जनित्र होऊन मदरबोर्डाकडे उलटी वीज पाठवू शकते. मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “मग लाइट गेल्यावर वापरता येईल का, बाबा?” पुढची पिढी विज्ञानाकडे गांभीर्याने बघत नाही.

यंदा पंख्याचा आवाज फारच वाढला होता. ऑनलाइन मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने नम्रपणे सुचवलं, की तुमच्याकडचा मिक्सर थांबेपर्यंत तुम्ही म्यूटवर राहिलात तरी चालेल. कॉम्प्युटरवर तेव्हा एक एक्सेलची फाइल उघडी होती, बस. प्रोसेसरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो, तो हीट सिंक. प्रोसेसरची उष्णता त्या पट्ट्यांत चढते आणि पंखा त्यांच्या फटींतून हवा ढकलतो. धूळ बसते ती नेमकी फटींच्या तोंडाशी. मग हवा आत पोचत नाही, उष्णता वाढते, म्हणून पंख्याला आणखी वेगाने फिरवलं जातं. आणि वेगाने फिरला की तो आणखी धूळ ओढतो. बंद पडून राहिलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात एवढी धूळ कधीच जात नाही. जास्त राबेल त्याच्यावर जास्त बसते, हे तत्त्व मी नोकरीत फार आधी ओळखलं आणि त्यानुसार वागत आलो.

ती धूळ मी लगेच टाकून देत नाही. टॉर्चच्या उजेडात बघतो. चादरींचे आणि टॉवेलचे तंतू असतात. घरातल्या सगळ्यांचे केस असतात, त्यांत माझेही; ते डोक्यावरून गेले कुठे, हा प्रश्न तिथे सुटतो. उदबत्तीची राख असते. आई दर खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करते, तेव्हाचं हळदकुंकू पुढच्या जाळीतून थेट पहिल्या पंख्यावर गेलेलं असतं. आणि उरलेली सगळी समोरची बिल्डिंग. आमच्या कोथरूडमध्ये पुनर्विकास चालू आहे. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा ट्रकमध्ये भरून गावाबाहेर नेतात म्हणे. सगळा नेत नाहीत. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका पार्किंगवरून आमच्याशी वर्षानुवर्षं भांडले. त्यांची भिंत आता माझ्या हीट सिंकमध्ये आहे.

पंखाच नको, म्हणणारा एक माणूस होऊन गेला. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज खपत नसे. १९८० साली ‘अ‍ॅपल थ्री’ निघाला तो पंख्याशिवाय. आवाज नाही, कटकट नाही. फक्त तो तापायचा, आणि आतल्या चिपा आपापल्या खाचांतून वर निघायच्या. त्यावर कंपनीने ग्राहकांना सांगितलेला उपाय असा, की यंत्र टेबलावरून तीनेक इंच उचलायचं आणि सोडून द्यायचं. आदळलं की चिपा परत जागेवर. हे वाचून मला माझे वडील आठवले. टीव्हीला डाव्या अंगाने थापट मारायची, हे त्यांना कॅलिफोर्नियातून कोणी कळवावं लागलं नव्हतं. एवढं होऊनही १९८४चा पहिला मॅकिंटॉश पुन्हा पंख्याशिवायच आला. १९८१च्या आयबीएम पीसीत वीजपुरवठ्याच्या डब्याला पंखा होता, प्रोसेसरला नव्हता. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसणं सरसकट झालं ते ४८६च्या पुढे, १९९३च्या पेंटियमच्या काळात. म्हणजे आमच्या पिढीने कॉम्प्युटर पाहिला तेव्हा उष्णता हा त्याचा शत्रू आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्हाला सांगण्यात आलेला शत्रू धूळ होता. कॉलेजच्या लॅबबाहेर चपला-बूट काढावे लागत. आत एसी, जाजम आणि रागावलेले सर. धूळ पायांतून येते हे पटायचं. पण बूट काढल्यावर माझ्या मोज्यांमधून जे आत जायचं त्यापेक्षा धूळ परवडली असती.

आणि धूळ म्हटलं की मराठी मध्यमवर्गाला एकच सुचतं: कव्हर. या विषयावर मला थोडा वेळ द्यावा. आमच्या घरात वस्तू आधी यायची की तिचं कव्हर, हे सांगणं कठीण होतं. टीव्हीला लाकडी शटर होतं, शटरला कुलूप होतं, आणि कुलूप लावल्यावर वरून भरतकामाचा पडदा. मिक्सरला रेक्झिनची टोपी, शिवणयंत्राला कापडी झगा, सुटकेसला खाकी गवसणी, आणि रिमोटला दुकानातून आलेली मूळ प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँडसकट. त्या पिशवीतून रिमोटचे आकडे दिसत नसत. पण टीव्ही जेव्हा केव्हा विकू तेव्हा रिमोट नवाकोरा निघेल, याची वडिलांना खात्री होती. फ्रिजच्या हँडललासुद्धा कव्हर होतं. ‘हात धुऊन मग फ्रिज उघड’ असं दिवसभर ओरडण्यापेक्षा हँडललाच कपडे शिवणं आईला सोपं वाटलं असावं. आमच्याकडे पाहुणे येणार असले की कव्हरं काढायची रीत होती, म्हणजे वस्तू दिसाव्यात. आत्याकडे उलटं. तिच्याकडे पाहुण्यांसाठी ठेवणीतली कव्हरं निघायची. तिचा मिक्सर कोणत्या रंगाचा आहे, हे तिच्या जावयालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही कॉम्प्युटर घेतला तेव्हा याच आत्याने मापं मागवून घेतली आणि तीन कव्हरं शिवून पाठवली. मॉनिटरला एक, कीबोर्डला एक, कॅबिनेटला एक. फिकट निळी, कडेला झालर. कॅबिनेटच्या कव्हराला पुढच्या बाजूने बरोबर बटणापुरतं काजं केलेलं होतं, म्हणजे झगा न काढता कॉम्प्युटर चालू करता यावा. तो चालू व्हायचाही. थोड्या वेळाने आपोआप बंदही व्हायचा. आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती हळहळली. “अस्तर लावायला हवं होतं,” म्हणाली. झाकून ठेवता येणार नाही अशी ती आमच्या घरातली पहिली वस्तू. तिला श्वास घ्यावा लागायचा, आणि पुण्यात श्वास घेतला की धूळ आलीच.

मूळ मुद्दा असा, की आज आमच्या घरात धूळ आहे ती फक्त या कॅबिनेटात. बाकी घर चकचकीत असतं, कारण तिथे मावशी रोज फडकं मारतात. कॉम्प्युटरच्या टेबलाला मात्र हात लावायचा नाही, असा मी मावशींना पहिल्या दिवशीच हुकूम दिला होता. “नाजूक असतं ते, मावशी. तिथलं मी बघेन.” तेव्हापासून माझ्या अखत्यारीतला तेवढा कोपरा सोडला, तर तुम्ही आमच्या घरात कुठेही पांढरा रुमाल टाकून उचलू शकता.

त्या रविवारी मी मास्क आणि गॉगल लावून ब्लोअर सुरू केला तेव्हा मावशी आत झाडत होत्या. बाल्कनीतून उडालेली निम्मी धूळ वाऱ्याने हॉलमध्ये गेली. त्यांनी काही न बोलता पदर नाकाला लावला, झाडू बाल्कनीपर्यंत आणला आणि माझ्या पायांपाशी येऊन खोकू लागल्या. बराच वेळ खोकल्या. मी मास्कच्या आतून विचारलं, “मावशी, धुळीचा त्रास होतो का?”

“होतो की.”

“मग?”

“मग काय दादा, अजून चार घरं आहेत.”

मी ब्लोअर बंद केला. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःहून वेग कमी करतो. त्याने भागलं नाही तर सरळ बंद पडतो. तशी सोयच केलेली असते. त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. बिचाऱ्याला हवा मिळत नसेल म्हणतात आणि त्याच्यासाठी रविवार मोडतात. मावशी दमून घरी राहिल्या तर तो खाडा होतो, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली पडते. ती फुली आमच्याकडे मी मारतो, ठसठशीत. मावशींनी आमच्या घरातून आजवर किती धूळ बाहेर काढली असेल, त्याचा कॅलेंडरवर काही पुरावा नाही. त्यांनी ती शुक्रवारपासून जाहीरही केली नाही. केली असती तरी ऐकणारा मीच, आणि मी तेव्हा मीटिंगमध्ये असतो.

मी आत जाऊन खोक्यातला नवा मास्क आणून दिला. मावशींनी तो बघितला, घडी मोडू न देता पिशवीत ठेवला. “सुनेला देते. ती बांधकामावर जाते.”

“तिला वेगळा देतो की. हा तुम्ही लावा.”

“मग दोन द्या,” त्या म्हणाल्या. मी खोकंच दिलं. तेवढ्यानेही मला लगेच बरं वाटायला लागलं. माझं असंच होतं.

बरं वाटल्याच्या भरात मी जुना हुकूम मागे घेतला. म्हटलं, “मावशी, आजपासून कॉम्प्युटरलाही फडकं मारत जा. आतूनसुद्धा. मी शिकवतो.” शिकवायची संधी दिसली की माझा स्वभाव फार मोकळा होतो. मावशी वाकून आत बघू लागल्या. मी टॉर्च धरला.

“हे काय फिरतं?”

“पंखा.”

“आन् हे?”

“तोही पंखाच.”

त्यांनी एकेक बोट मिटत सगळे मोजले. पुढे दोन, मागे एक, प्रोसेसरवर एक, ग्राफिक्स कार्डावर एक, आणि कोपऱ्यात जाळीमागे एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, एक.

“सहा झाले, दादा.”

“हो.”

“दिवाळीला छताचे पंखे पुसायचे ताई वेगळे देतात.”

“अहो मावशी, ते केवढे आणि हे केवढे!”

“मोठा पुसायला सोपा. ह्यात बोट जात नाही.”

मुद्दा बिनतोड होता. मी शेवटचं ज्ञान बाहेर काढलं. एसएमपीएसचा डबा घरी उघडायचाच नसतो. प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरांमध्ये वीज शिल्लक राहते. तेव्हा तो सोडून द्या आणि पाचच धरा.

“म्हणजे शॉक बसतो?”

“उघडला तर बसू शकतो.”

“मग त्याचे जास्त,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, दर जरा हळू सांगा,” बायको आतून म्हणाली. “ऐकला तर हा रोज उघडायला बसेल.”