मामांचं मशीन

प्रत्येक बाजारगावात एक माणूस असा असतो, की बैल घ्यायचा असो, मोटार घ्यायची असो की जावई करायचा असो, लोक आधी त्याचं मत घेतात आणि मग आपल्या मनासारखं करतात. जवळा बाजारात हे पद मामांकडं आहे. मामा म्हणजे ट्रकवाले मामा. आयुष्यभर गाडी चालवली, आता एक दहा टायरी स्वतःची आहे आणि ती भाचा चालवतो. भाच्याचे मामा म्हणून ते बाजार समितीचे, अडतीचे, हमालांचे आणि हळूहळू सगळ्या गावाचेच मामा झाले. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा आहे. खिडकीतून बाहेर ठेवून रापलेला हा हात, एवढीच ड्रायव्हरकीची पेन्शन.

भाच्याला रस्ता दाखवणारं चांगलं मशीन घेऊन द्यायचं, असं मामांनी जाहीर केलं त्याला बराच काळ लोटला. तेव्हापासून मामा मशीन घेत आहेत. हळदीच्या हंगामात सांगलीची गाडी लागो की दसऱ्यानंतर सोयाबीनला लातूरची, बाहेरगावचा ड्रायव्हर हॉटेलात टेकला की मामा त्याच्या बाकड्यावर सरकतात. “तुमच्या गाडीत कोनतं मशीन हाय?” हा पहिला प्रश्न. “मग तुम्ही चुकले कुठं?” हा दुसरा. तिसऱ्याची वेळ येईपर्यंत त्या ड्रायव्हरचा चहा संपलेला असतो.

पहिली चौकशी अर्थातच मोबाइलच्या दुकानात झाली. तिथल्या पोरानं मामांना मुळापासून समजावलं. हे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून फिरतात, आपलं मशीन त्यांना काही विचारत नाही, नुसतं ऐकतं, आणि चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठं आहोत ते काढतं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे वीस हजार किलोमीटरवरून त्येला जवळा बाजार सापडतं, आन् झिरो फाट्याकडचे खड्डे दिसंनात?”

पोरगं हुशार. उपग्रह फक्त जागा सांगतो, खड्डे आणि रस्ते हे नकाशावाल्याचं काम, असं ते म्हणालं. शिवाय पूर्वी अमेरिका यात मुद्दाम शंभरेक मीटरची चूक ठेवायची, ती 2000 सालच्या मे महिन्यात काढून टाकली, अशीही माहिती त्यानं पुरवली. मामांना अमेरिकेची दया आली. “शंभर मीटर व्हय? आपल्याकडं मान्सं ‘हे काय, हितंच’ म्हनून पाच किलोमीटर पाठवतेत. त्ये अजून कुनी बंद केलं नाही.”

मग फोनमधला नकाशा तपासायला घेतला. भाच्यानं भाषा मराठी ठेवली होती. गाडी अडतीच्या दारातून निघाली आणि आतली बाई म्हणाली, नैऋत्य दिशेने जा. मामांनी गाडी थांबवायला लावली. “नैऋत्य? आरं, त्ये वास्तुशास्त्रवाल्याला इचारायचं असतंय, ड्रायव्हरला न्हाई.” मामांना आयुष्यात दिशा दोनच माहीत: चढ आणि उतार. अंतर ते चहात मोजतात. आणि पत्ता सांगतात तो गिअरमध्ये: “जिथं भरली गाडी दुसऱ्यावर येती ना, त्या चढाच्या वरून डावीकडं.” हा पत्ता ज्याची गाडी रिकामी आहे त्याला सापडत नाही, आणि मामांच्या मते सापडूही नये. “भरल्या गाडीचा रस्ता येगळा, रिकाम्या गाडीचा येगळा.”

गावानं हसून घेतलं, पण मामांची तक्रार नेमकी इथंच आहे. त्यांनी नकाशावर बोट ठेवून भाच्याला दाखवलं. मोटारीला वेगळा रस्ता, मोटारसायकलीला वेगळा, बस-रेल्वेला वेगळा, पायी माणसालासुद्धा वेगळा. “आन् ट्रक कुठाय? आमी काय जीपगाडी हाव?” तीन आसांच्या गाडीला 2018 पासून मालासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे, आणि फोन तिला कारचा रस्ता दाखवतो. कारला गल्ली चुकली तर ती वळते. ट्रकला गल्ली चुकली की अख्खी गल्ली बाहेर येते आणि प्रत्येक जण वेगळीकडं हात दाखवून मागं घ्यायला लावतो.

मामांच्या काळी हे सगळं एकट्या क्लिनरमध्ये बसवलेलं होतं. रस्ता विचारायला तो उतरायचा. मागं घेताना गाडीवर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ तो म्हणायचा. कापूस नाहीतर कडबा उंच भरला असला की ताडपत्रीवर चढून तारा बांबूनं उचलायचा, आणि रेल्वेच्या पुलाखाली गाडी बसते का नाही ते वर बसूनच सांगायचा. “क्लिनर परवडंना म्हनून काढला,” मामा म्हणतात. “आता त्येचं एकेक काम करायला एकेक मशीन घ्यायलेत. आन् त्यातलं एकबी पंक्चर काढत न्हाई.”

मध्यंतरी कुणाच्या तरी परदेशातल्या पोराकडून खास ट्रकसाठी बनवलेलं मशीन गावात आलं. ते सुरू होताच विचारू लागलं: गाडीची उंची किती, रुंदी किती, वजन किती, काही धोक्याचा माल आहे का? मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. “इचारतंय! फोनवाल्या बाईनं आजवर इचारलं का, गाडीत काय भरलंय म्हनून?” सगळी उत्तरं भरून झाली. गडबड एकच, त्यात नकाशा तिकडचा होता. कोऱ्या पडद्यावर एक बाण तेवढा उभा राहिला. मामा त्या बाणाकडं कौतुकानं बघत राहिले. “पाह्य, म्हाईत नाही तर गप हाय. खोटं तर सांगंना.” आजवर मामांच्या परीक्षेत निम्मे गुण मिळवणारं ते एकमेव मशीन.

भाचा मात्र कंटाळला. “मामा, वसमतच्या हळदीला जीआय मिळालं, आपल्या गाडीला जीपीएस कवा मिळायचं?” त्यावर मामांनी नामदेवांना मध्ये आणलं. महाराज इथल्या नरसीचे, आणि गेले कुठं, तर पंजाबात घुमानला. त्यांच्याजवळ कुठं मशीन होतं? भाचा म्हणाला, “त्यांच्याजवळ ट्रक बी नव्हता मामा.” मामा क्षणभर गप्प झाले, मग औंढ्याकडं हात करून म्हणाले, “तितं देऊळ फिरलं ते नामदेवासाठी. तुह्यासाठी फिरनार न्हाई. तुलाच यू-टर्न घ्यावा लागंल, आन् साडेअठ्ठावीस टन घिऊन.”

समृद्धी महामार्गाबद्दलही त्यांचं मत तयार आहे. 2025 च्या जूनमध्ये तो नागपूर ते मुंबई असा 701 किलोमीटर पुरा झाला, तेव्हा भाच्याला वाटलं, आता तरी मशीन सरळ चालेल. मामा म्हणाले, “त्या रस्त्याला नकाशा कशाला? जालन्याला चढ आन् गप बस. तितं झोप येऊ न देनारं मशीन असलं तर सांग.”

मग मामांना हवं तरी काय? ते त्यांच्या प्रश्नपत्रिकेवरून कळतं. पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक मशीनला ते पहिला प्रश्न एकच घालतात: “चाळीसगाव.” सुरतेचा माल असला की संभाजीनगरहून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरून चाळीसगाव, हा त्यांचा जन्मभराचा रस्ता. पण 2023 च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्या घाटात अवजड वाहनांना बंदी आहे. ट्रकला शिऊर बंगला, नांदगाव असा वळसा पडतो. कारला घाट मोकळा. मामांच्या म्हणण्याप्रमाणे मशीन खरं की खोटं, हे या एका गावात कळतं. घाट दाखवला की मामा ते मशीन दोन बोटांत धरून परत करतात. दुसरा प्रश्न, दिवसा अवजड गाडीला बंदी असलेल्या शहराचा. तिसरा, रेंज नसलेल्या जागेचा. उपग्रहाला मोबाइलची रेंज लागत नाही, नकाशाला लागते, हे दुकानातल्या पोरानं सांगितलेलं मामा विसरलेले नाहीत. म्हणून आधी नकाशा उतरवून घ्यायचा, मग फोनमधलं कार्ड काढून विचारायचं. चौथा प्रश्न सगळ्यात अवघड: “चुकलास तर वरडशील, का नीट सांगशील?”

अखेर भाच्यानं मामांना न विचारता दोनशे रुपयांचं मोबाइल स्टँड घेतलं आणि ते काचेच्या मधोमध लावलं. मामांनी ते काढून खाली, डोळ्यांच्या आड न येईल असं बसवलं. रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला 2020 पासून नियमानं मुभा आहे, पण लक्ष विचलित न होऊ देता, हे भाच्याला त्यांनी सांगितलं. आता गाडी बाहेर असली की फोनमधली बाई एकीकडं बोलते आणि फोनवर मामा दुसरीकडं. दोघांचं पटलं तर भाचा निवांत जातो. पटलं नाही तर गाडी बाजूला लावून ढाब्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरला विचारतो.

मामांनी अजून मशीन घेतलेलं नाही आणि घेतील असंही दिसत नाही. पण ट्रकसाठी मशीन घेणाऱ्यानं त्यांच्याकडून परीक्षेची रीत तेवढी घ्यावी. दुकानदारानं दाखवलेल्या रस्त्यावर भुलू नये. ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे असा रस्ता आधी विचारावा, उंची आणि वजन भरायची सोय आहे का ते बघावं, आणि चाळीसगावला जाताना औट्रम घाट दाखवला, तर पैसे खिशातच ठेवावेत.