आधी दुःखाचं वर्गीकरण करा

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला कुणी वाली नाही, असं म्हणणाऱ्यांनी कॉलेजच्या जिन्याखालचा फलक वाचलेला नसतो. विद्यार्थी तक्रार निवारण समिती, अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंग प्रतिबंधक समिती, समान संधी कक्ष, समुपदेशन कक्ष, विद्यार्थी विकास मंडळ, शिवाय प्रत्येकाला एक गुरू-पालक. रामायणात वाली एकच होता, इथे फलकभर आहेत. बारकाईने पाहिलं तर सगळ्या समित्यांवर तीच पाच-सहा नावं फिरताना दिसतात, पण बारकाईने पाहायचंच कशाला?

अडचण एवढीच, की दार वाजवण्याआधी आपलं दुःख कोणत्या समितीच्या कक्षेत येतं हे विद्यार्थ्यानेच ठरवून यायचं असतं. समजा, बीडकडची एक मुलगी पुण्यात शिकायला आली. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तो कॉलेजच्या लॉगिनला अडकला. पैसे आले नाहीत म्हणून मेसवाल्या काकूंनी डबा बंद केला. डबा बंद झाला म्हणून तिने दुकानात काम धरलं, कामामुळे प्रॅक्टिकल बुडालं, त्यातून एटीकेटी लागली आणि आता रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तिच्या मते ही एक अडचण आहे. कॉलेजच्या मते या पाच आहेत आणि त्यांतली एकही आपली नाही.

शिष्यवृत्तीच्या खिडकीवर सांगतात, तुमचं खातं आधारला जोडलेलं नसेल. ते जोडलेलं असतं. मग सर्व्हर डाऊन असतो. सर्व्हर उठतो तेव्हा क्लार्क निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात. परीक्षा विभाग म्हणतो, विद्यापीठात जा. विद्यापीठ म्हणतं, कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र आणा. मेस ही खासगी बाब. गुरू-पालक सरांशी तिची वर्षात एकदाच गाठ पडली, तीही सहीसाठी. सही सरांना हवी होती. राहता राहिली झोप. त्यासाठी समुपदेशन कक्ष आहे, दर मंगळवारी अकरा ते एक. नेमकं त्याच वेळी तिचं बुडालेलं प्रॅक्टिकल परत ठेवलेलं असतं.

मग एवढी यंत्रणा आहे तरी कुणासाठी? अर्थात कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी. नॅकच्या सात निकषांत पाचवा निकष विद्यार्थी सहाय्य आणि प्रगतीचा आहे आणि त्याला गुण आहेत. नॅकची समिती येणार म्हटलं की समुपदेशन कक्षातून क्रिकेटचे स्टंप आणि गेल्या स्नेहसंमेलनाची कमान बाहेर निघते, पडदे लागतात, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं येतात. फाइलला पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश छापलेला फोटो हवा असतो. समुपदेशन तर गोपनीय! यावर आपल्या प्राध्यापकांनी काढलेला तोडगा असा, की एनएसएसची दोन मुलं बोलवायची, एकाने समुपदेशकासमोर दुःखी बसायचं, दुसऱ्याने मोबाइल धरायचा. दुःखी कुणी व्हायचं यावरून थोडी ओढाताण होते, कारण दुःखी होणाऱ्याला त्या दिवशीचा तास माफ असतो. बीडच्या मुलीला मात्र बसवत नाहीत. तिचा चेहरा फोटोत फारच खरा येतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वेळी निकष नव्हते, त्याचे तोटे दिसतातच. 1924 साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. आज या गोष्टीला एकही गुण मिळणार नाही. मोडीच्या पावतीची साक्षांकित प्रत कुठे आहे? मुलांचे फीडबॅक फॉर्म कुठे आहेत?

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. शिवाय मदतीचे फोन नंबर वसतिगृहात आणि वर्गांत मोठ्या, ठळक अक्षरांत लावावेत. समुपदेशकाला पगार द्यावा लागतो, फ्लेक्सवाला चौरस फुटाने घेतो. तेव्हा आदेशाचा उत्तरार्ध आधी अमलात आला. फ्लेक्सवर संस्थाध्यक्ष हात जोडून उभे आहेत, शेजारी सचिव आणि युवा नेतृत्व, खाली शुभेच्छुकांची रांग. ठळक अक्षरं अध्यक्षांच्या नावाला वापरली गेली. नंबर खालच्या कोपऱ्यात आहे, छापखान्याच्या नंबरच्या किंचित वर.

कायदा मात्र कागदावर खरोखर चांगला आहे, हे आम्ही टोमणा न मारता सांगतो. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार तक्रार निवारण समितीने 15 कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. या नियमांत आणखीही एक कलम आहे, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्यावर कारवाईचं. नियमावलीतलं हे एवढंच कलम सर्व प्राचार्यांना तोंडपाठ असतं. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ते चहाबरोबर ऐकवलं जातं, आणि “बाळ, तुझ्या करिअरचा विचार कर” हे वाक्य बिस्किटासारखं पुढे सरकवलं जातं. मूल घरी जातं. वर्षाखेरीच्या अहवालात ‘प्राप्त तक्रारी : शून्य’ असं छापून येतं आणि त्याबद्दल प्राचार्यांचं अभिनंदन होतं.

तर बीडच्या मुली, चहा पिऊ नकोस. तक्रार लेखी दे, दोन प्रतींत दे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचे पंधरा दिवस कुणी मोजायला बसत नाही. अर्ज लॉगिनला अडकला असेल तर पोर्टलवरच्या त्याच्या स्थितीची छापील प्रत सोबत लाव, म्हणजे दोष तुझ्या खात्याचा नाही हे त्यांना वाचता येईल. आणि रात्री झोप येत नसेल, डोक्यात नको ते येत असेल, तर मंगळवारची वाट पाहू नकोस. 14416 लाव. टेलिमानसची ही सेवा चोवीस तास चालू असते, तिथे मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत आणि फोटो काढत नाहीत.